पोट मऊ असेल तर

कागद गिरणीच्या प्रथमोपचार खोलीत पोटदुखीचा एक तक्ता बावीस वर्षे भिंतीवर होता. तो मी आखलेला होता. बॉयलरच्या पाळीवरच्या फोरमनचा पोटदुखीशी तसा काही संबंध नाही. पण लगदा विभागातल्या एका माणसाला दोन दिवस गॅसचे औषध देत राहिले, तिसऱ्या दिवशी त्याचे अपेंडिक्स फुटून तो गेला, आणि त्यानंतर व्यवस्थापनाने गिरणीच्या डॉक्टरांना व मला एकत्र बसवले. कुणालाही उभ्या उभ्या वाचता येईल असे काहीतरी भिंतीवर हवे, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टर बोलत गेले आणि मी रकाने पाडत गेलो: दुखते कुठे, दुखते कसे, पसरते कुठे, सोबत काय.

सहा ओळी झाल्या. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली उतरते ते अपेंडिक्स. उजव्या बरगडीखालून खांद्याकडे जाते ते पित्ताशयातले खडे. कमरेतून जांघेकडे लाटांनी येते आणि माणसाला एका जागी टिकू देत नाही तो मूतखडा. कळा, उलट्या, फुगलेले पोट आणि वारासुद्धा न सरणे म्हणजे आतड्यात अडकलेले काही. वरच्या पोटातून आरपार पाठीत निघते ते स्वादुपिंड. आणि सुरी खुपसल्यासारखे अचानक येऊन पोट फळीसारखे कडक होते, ते जठराला पडलेले भोक. सगळ्यांत खाली जाड अक्षरांत दोन वाक्ये होती. ‘पोट कडक लागल्यास ताबडतोब रुग्णालय. पोट मऊ असेल तर दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावी व थांबून पाहावे.’

त्या तक्त्यामुळे तीन माणसे वेळेवर रुग्णालयात पोचली, हे मी स्वतः पाहिले आहे. निवृत्त झालो तेव्हा त्याची एक प्रत मी घरी आणली. ती पाहायची वेळ मात्र कधी आली नाही, कारण मला ती तोंडपाठ होती.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माझी पत्नी गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, ती माझ्याकडे राहत होती. तिने सगळा जन्म कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तरीण म्हणून काढला होता. कापडाचे चोवीस थर एकावर एक रचून ती एका फेऱ्यात बाही कापायची, आणि सर्वांत खालचा थर वरच्यापेक्षा दोराभरही कमी-जास्त नसायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती शेजारपाजारच्या बायकांना कागदाचे नमुने कापून द्यायची.

त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिच्या हातातली कात्री जमिनीवर पडली. ती खुर्चीतच पुढे वाकली होती.

“काय झालं?”

“पोट.”

“कुठे?”

“मध्ये. अरे, मध्येच. थांब, बोलू नकोस जरा.”

ती भिंतीचा आधार घेत न्हाणीघरात गेली. एक उलटी झाली, एकदा पातळ झाले. परत आली आणि पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन आडवी झाली. चेहऱ्याचा रंग उतरला होता. मी वही आणि घड्याळ घेऊन तिच्या उशाशी बसलो.

“लाटा येतात की सलग दुखतंय?”

“फोरमनसाहेब, मी बॉयलर नाही.”

“ताई, लाटा की सलग?”

“सलग! मेलं एक क्षण सोडत नाही.”

“खांद्यात जातंय? पाठीत? खाली उजवीकडे?”

“कुठ्ठे जात नाही. इथेच बसलंय ठाण मांडून.”

मी तळहात सपाट ठेवून तिचे पोट चारही बाजूंनी दाबून पाहिले. ते मऊ होते, उशीसारखे मऊ. दाबल्याने दुखणे वाढत नव्हते आणि हात काढल्यावरही वाढत नव्हते. नाडी शहाण्णव होती आणि अनियमित. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाचे ठोके बिघडले तेव्हापासून ती अनियमितच होती. त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ती नेमाने घेत होती. म्हणून मी वहीत ‘नाडी ९६, अनियमित (नेहमीची)’ असे लिहिले. दुखणे तीव्र, मध्यभागी, सलग, उलटी एक, शौच एक, पोट मऊ.

मी मनात सहाही ओळी चाळल्या. दुखणे एकाही ओळीत बसत नव्हते.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी ताईला असेच छातीखाली दुखले होते आणि मी वेळ न घालवता तिला रुग्णालयात नेले होते. स्ट्रेचर, नळ्या, तीन तपासण्या, सगळे झाले. तिसऱ्या तपासणीला नेताना तिने मोठ्ठा ढेकर दिला आणि दुखणे गेले. नंतर वर्षभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत असे, “आमच्या फोरमननं मला ढेकर द्यायला स्ट्रेचरवरून नेलं होतं. आता शिंक आली की विमान मागवणार आहे.” लोक हसत, मीही हसत असे. पण आपण नोंदी न घेता झाकण उघडले, ही खंत मला राहिली होती. तंत्रनिकेतनात आम्हाला पहिल्या वर्षी जे शिकवले, ते मी तेव्हा विसरलो होतो: जो दोष ओळखता येत नाही त्याला हात लावू नये, आधी त्याचे पूर्ण चक्र पाहावे.

साडेसात, आठ, साडेआठ. नोंदी सारख्याच येत होत्या.

पावणेनऊला खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला वर आला. त्याला ताईचे कण्हणे जिन्यात ऐकू आले होते.

“काका, गाडी काढू का? आत्ता रस्ता मोकळा आहे.”

“पोट मऊ आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“म्हणजे आत फुटलेलं, फाटलेलं काही नाही. घाईचं कारण नाही.”

“आजीबाईंचा चेहरा तर...”

“आजीबाई कुणाला म्हणतोस रे?” ताई पलंगावरून म्हणाली. दातांवर दात घट्ट धरून ती बोलत होती. “तुझी गाडी माझ्यापेक्षा म्हातारी आहे.”

तो हसला. तासाभराने एक भाडे आहे, ते करून दुपारी परत येतो, काही लागले तर फोन करा, असे सांगून तो गेला.

नऊची नोंद झाली. नऊ वाजून वीस मिनिटांनी ताईने माझे मनगट धरले. तिच्या हातात ताकद होती. कात्री चालवून चालवून तिचा अंगठा लोखंडासारखा झालेला होता.

“चल, जाऊ या.”

“कुठे?”

“दवाखान्यात. मला नाही सोसत रे.”

ताईच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. एकदा तिच्या बोटातून सुई आरपार गेली होती, तेव्हा ती सुई काढून, बोटाला चिंधी गुंडाळून तिने उरलेली पाळी पुरी केली होती. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर तो त्या क्षणी उठला असता. मी पुन्हा तिच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ होते.

“आणखी एक नोंद घेऊ, ताई. दहाची. तोवर उतरलं नाही तर निघू.”

तिने मनगट सोडले. मी वहीत लिहिले: ‘९.३०. जाऊ या म्हणाली. वेदना तीव्र. पोट मऊ.’

दहाला ती काही बोलली नाही. डोळे मिटून, चादरीचा कोपरा मुठीत धरून पडून होती. मी लिहिले: ‘वेदना तेवढीच. तक्रार कमी.’ साडेदहालाही तेच. तिने पुन्हा निघायचे म्हटले असते तर मी निघालो असतो, असे मी स्वतःला नंतर अनेकदा सांगून पाहिले. पण तिने पुन्हा म्हणायला हवे होते, ही अटच मुळात कुणी घातली होती?

साडेअकरापासून दुखणे खरोखरच उतरू लागले. बाराला तिने पाय सरळ केले. साडेबाराला ती उशीला टेकून बसली आणि चहा मागितला. मी अर्धा कप करून दिला, तिने दोन घोट घेतले. ओठांना थोडी लाली आल्यासारखे मला वाटले. एकची नोंद मी जरा मोठ्या अक्षरांत लिहिली: ‘वेदना सौम्य. पोट मऊ. रुग्ण बोलते.’

टॅक्सीवाला परत आला तेव्हा ती चहाचा कप हातात धरून बसलेली होती.

“वा! काका, तुम्ही डॉक्टरच व्हायला हवं होतं.”

“नको रे बाबा,” ताई म्हणाली. “बॉयलरच बरे त्याला. बिचारे उलट बोलत नाहीत.”

आम्ही तिघेही हसलो. हसताना ताईने पोटावर हात धरला होता. मला फार समाधान वाटले. दोन वर्षांपूर्वीची चूक मी या वेळी केली नव्हती. वहीचे कोरे पान भिंतीला टेकवून त्या नोंदींवरून मी वेदनेचा आलेख काढला. तो सकाळी उभा चढला होता, चार तास वर सपाट राहिला होता आणि दुपारी सुरेख उताराने खाली आला होता. भट्टी बंद केल्यावर तापमान असेच उतरते.

साडेतीनला तिने चहा परत केला. उलटी नव्हती, नुसता तोंडातून बाहेर आला. पोटाचा घेर वाढल्यासारखा दिसत होता. मी टेप लावली. सकाळी मी मोजले नव्हते, म्हणून तुलनेला आकडा नव्हता. चारला तळहात ठेवला तेव्हा हाताखाली मऊ उशी नव्हती, फळी होती. तिचे हात गार आणि ओले झाले होते आणि ती माझ्याकडे पाहत असूनही माझ्यापलीकडे कुठेतरी पाहत होती.

पोट कडक लागल्यास ताबडतोब रुग्णालय. मी ताबडतोब टॅक्सीवाल्याला हाक मारली.

इमारतीला लिफ्ट नव्हती. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी तिला तीन मजले खाली आणले. टॅक्सीवाला पुढून उलटा उतरत होता आणि प्रत्येक वळणावर म्हणत होता, “सावकाश, काका, सावकाश.” ताई एकदाच बोलली. दुसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, “माझी कात्री जमिनीवरच आहे, कुणाच्या तरी पायात जाईल.”

तातडीच्या विभागात तिच्या हाताला सुई लागली, नाकातून नळी गेली, रक्तवाहिन्या दिसण्याचे औषध टोचून छायाचित्र काढले गेले. सगळे पाऊण तासात झाले. मग एक सर्जनबाई आल्या, चाळिशीच्या, केस टोपीत बांधलेल्या. त्यांनी विचारले, “कधीपासून?” मी वही पुढे केली.

त्या उभ्यानेच वाचू लागल्या. पान उलटले आणि त्यांच्या भुवया उंचावल्या.

“हे कुणी लिहिलं?”

“मी. मी भाऊ आहे त्यांचा.”

“इतका स्वच्छ इतिहास मला आमची शिकणारी मुलंसुद्धा लिहून देत नाहीत.” त्यांचे बोट ओळींवरून खाली सरकत होते. ‘अनियमित (नेहमीची)’ या शब्दांवर ते क्षणभर थांबले. पुढे साडेनऊच्या ओळीवर ते थांबले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

“आजोबा, हृदयाचे ठोके असे पडतात तेव्हा आत कधी कधी रक्ताची गुठळी होते. गोळ्या चालू असल्या तरी होते. ती गुठळी सुटून आतड्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत जाऊन अडकली आहे. आतड्याला रक्त नाही. किती भाग गेलाय ते उघडल्याशिवाय कळणार नाही.”

“पण पोट मऊ होतं. आठ तास मऊ होतं.”

“या आजारात सुरुवातीला मऊच असतं. दुखणं आभाळाएवढं आणि हाताला काहीच लागत नाही. हीच खूण आहे याची.”

“दुपारी तर थांबलं होतं दुखणं.”

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले. त्याचा अर्थ मला कळला. आतडे जिवंत असते तोवरच दुखते.

“साडेनऊला आणलं असतं तर?”

“नक्की सांगता येत नाही. तेव्हा आतडं बहुधा जिवंत होतं. पण यात लगेच आणलेले लोकही हाती लागत नाहीत.”

“साधारण किती टक्के?”

“आजोबा,” त्या म्हणाल्या, “टक्के नका विचारू.”

शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर लोखंडी खुर्च्यांची एक रांग होती. तिथे बसल्यावर मला बॉयलर आठवला. बॉयलरच्या एखाद्या नळीत पाणी पोचेनासे झाले, तर सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. नळी शाबूत, सांधे कोरडे, ठोकून पाहिले तर आवाज नेहमीचा. आत मात्र धातू जळत असतो. हे मी तीस वर्षे प्रत्येक नव्या माणसाला पाळीच्या पहिल्या दिवशी सांगत आलो होतो. नळी फुटायची वाट पाहायची नसते, पाण्याचा प्रवाह पाहायचा असतो, हे माझेच शब्द.

आणि मग मला तक्त्याची ती दुपार आठवली. डॉक्टरांनी शेवटी एकच वाक्य सांगितले होते: पोट कडक लागल्यास ताबडतोब रुग्णालय. तेवढे सांगून ते हात धुवायला गेले होते. दुसरे वाक्य त्यांचे नव्हते. तक्ता पूर्ण करताना मला तिथे पोकळी दिसली. कुठल्याही तपासणीत ‘हो’ला एक वाट असेल तर ‘नाही’लाही वाट द्यावी लागते, नाहीतर माणूस मध्येच अडकतो, असे आम्हाला शिकवलेले होते. म्हणून ‘कडक’च्या खाली मी ‘मऊ’ लिहिले, आणि ‘ताबडतोब’च्या समोर ‘थांबून पाहावे’. दोन्ही ओळी एका लांबीच्या झाल्या. डॉक्टर परत आले, त्यांनी वरवर नजर टाकली, “छान दिसतंय” म्हणाले आणि सही केली.

सव्वासातला सर्जनबाई बाहेर आल्या. आत गेल्यापासून चाळीस मिनिटेही झाली नव्हती. मी उभा राहिलो. इतक्या लवकर काम संपते तेव्हा ते दोनपैकी एकाच कारणाने संपते.

“आम्ही बंद केलं,” त्या म्हणाल्या. “वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. जवळजवळ सगळं लहान आतडं गेलंय.”

“म्हणजे आता?”

“दुखणार नाही याची काळजी घेऊ. उद्या शुद्धीवर असतील, बोलतीलही. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा.”

मी भाचीला फोन केला. ताईची ती एकुलती एक. तिच्या गावाहून इथे यायला बसने आठ तास लागतात आणि सकाळची पहिली बस आठला होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई जागी होती. नाकात नळी, हाताला दोन बाटल्या, पोटावर रुंद पट्टी. कुणीतरी तिचे केस मागे सारून बांधले होते, त्यामुळे ती ओळखू येत नव्हती आणि लहानपणीच्या ताईसारखीही दिसत होती.

“काय रे,” ती म्हणाली. आवाज खरवडल्यासारखा येत होता. “या खेपेला ढेकर नाही आला.”

“नाही.”

“काय निघालं?”

सांगायची वाक्ये मी रात्रभर जुळवली होती. ती सर्जनबाईंनी सांगितली तशीच, त्याच क्रमाने, मी तिला सांगितली. ती छताकडे बघत ऐकत होती.

“मग कापून टाकायचं ना, खराब झालेलं तेवढं.”

“सगळंच होतं, ताई.”

“सगळं कसं? ताग्यात डाग असला तरी दोन-चार वार चांगलं निघतंच की.”

“नाही निघालं.”

“म्हणजे उघडलं आणि तसंच शिवलं?”

“हो.”

शेजारच्या खाटेवर एक बाई फोनवर कुणाला तरी कपाटाची किल्ली कुठे आहे ते समजावून सांगत होती.

“किती दिवस?”

“आजचा. उद्याचा कदाचित.”

“ती कधी पोचते?”

“चारला.”

“चार.” तिने भिंतीवर घड्याळ शोधले. भिंतीवर घड्याळ नव्हते. तिने मान माझ्याकडे वळवली. “मी तुला म्हटलं होतं. सकाळी. जाऊ या म्हटलं होतं.”

“हो.”

“तू काय म्हणालास?”

“आणखी एक नोंद घेऊ म्हणालो.”

“आणि मी गप्प बसले.”

“हो.”

“मला वाटलं, तुला कळतंय.”

तिचा आवाज चढला नव्हता. रागावली असती तर मला खाली पाहता आले असते. लहानपणी ती माझ्यावर रागावायची तेव्हा मी तिच्या पायाच्या बोटांकडे बघत उभा राहायचो. आता ती माझ्याकडे तशीच पाहत राहिली, चुकलेल्या कापाकडे पाहावे तशी. कुठून वाकडे गेले ते शोधत होती, आणि कापड आता जोडता येणार नाही हेही तिला ठाऊक होते.

“ताई, तक्त्यातलं ते वाक्य...”

“कुठलं वाक्य?”

मी सांगू लागलो: डॉक्टरांचे एक वाक्य, माझे एक, दोन्ही एका लांबीची. दोन शब्द बोललो असेन नसेन. तिने बोटे वर केली. सुई टोचलेला हात होता, फार वर गेला नाही.

“तू जरा बाहेर बस.”

“काही हवंय का?”

“नाही. बाहेर बस.”

मी वॉर्डच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसलो. दहाला नर्स म्हणाली, झोपल्या आहेत. बाराला म्हणाली, हाक मारली तर डोळे उघडतात. मी विचारले, “मला बोलावलं का?” ती म्हणाली, “कुणालाच नाही बोलावलं, आजोबा.” दोनला तिने वेदनेचे औषध वाढवले आणि मला सांगितले की आता बहुधा त्या बोलणार नाहीत. तेव्हा मी उठून आत गेलो आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. ताईचा श्वास उथळ आणि भरभर चालला होता. मी वही आणली नव्हती. तिच्या नाडीला हात लावावा असे मला वाटले, पण मी तो लावला नाही.

भाची पावणेपाचला पोचली. बस वाटेत थांबली होती. खांद्यावर पिशवी, पायांना धूळ, डोळे कोरडे. ती आईच्या उशाशी वाकली आणि म्हणाली, “आई, आले मी. आई.” तिने तीन वेळा हाक मारली. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत.

भाची सरळ उभी राहिली.

“मामा, काय झालं हे? दुखायला लागलं कधी?”

“काल सकाळी सात-दहाला.”

“आणि इथे?”

“संध्याकाळी पाचला.”

तिने हिशेब केला. तो करताना तिचे ओठ हलले.

“तिनं यायचं नाही म्हटलं का? तिला दवाखाना नको असायचा.”

हे वाक्य तिने माझ्यासाठीच पुढे केले होते. मला नुसती मान हलवायची होती. खाटेवरून कुणी ते खोडून काढणार नव्हते.

“नाही,” मी म्हणालो. “साडेनऊला ती जाऊ या म्हणाली. मी थांबवलं.”

भाचीने पिशवी खाली ठेवली. पट्टा खांद्यावरून काढायला तिला वेळ लागला.

“तिला माहीत आहे?”

“हो. सकाळी सांगितलं.”

“मग काय म्हणाली?”

“बाहेर बस म्हणाली.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, “मग तू आत का आलास?”

तिने ते टोचून विचारले नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी स्टूल तिच्याकडे सरकवले आणि बाहेर येऊन बाकावर बसलो.

दार अर्धे उघडे होते. तिथून मला खाटेचे एक चाक, स्टुलाचे पाय आणि भाचीच्या धुळीच्या चपला दिसत होत्या. थोड्या वेळाने तिचा आवाज ऐकू येऊ लागला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावे तसा मोठा होता. ती आईला बसमधल्या गोष्टी सांगत होती. खिडकी बंद होत नव्हती. पुढच्या बाकावरच्या माणसाने पाव घेतला आणि अर्धा सगळ्यांना वाटला. पुलाजवळ बस पाऊण तास उभी राहिली, तेव्हा ड्रायव्हर उतरून चाकाला लाथा मारत होता. “आणि आई, माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाकडे चाललीस?”

प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची. हुंकार यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ थांबायची. मग पुढचे वाक्य सांगायची.